वाघाची पॉलिसी

जंगलपट्ट्यात विम्याची जागृती नाही, असं म्हणणाऱ्यांनी तेंदूपत्त्याच्या हंगामात एकदा सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे यावं. इथं दर पोरासोरांना तोंडपाठ असतात. वाघानं मारलं तर 25 लाख. 2022 साली 15 चे 20 झाले, 2023 साली 20 चे 25. महागाई भत्तासुद्धा इतका भरभर वाढत नाही. हप्ता नाही, डॉक्टरी तपासणी नाही, एजंट स्वतः चालत गोठ्यापर्यंत येतो. बिबट, अस्वल, रानडुक्कर या शाखांतही दर तोच. शिवाय विधवेला बचतीचं वळण लागावं म्हणून सरकार थोडे पैसे हातात देतं आणि उरलेले मुदत ठेवीत टाकतं. हयातीत त्या नवऱ्याच्या नावावर बँकेनं कधी ठेव पाहिली नव्हती.

सापाचं खातं वेगळं. तिथं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, 2 लाख, तेही घरात सातबारा असेल तर. म्हणजे चावण्याआधी सापानं उतारा तपासायचा.

तापानं मरणं सगळ्यात गैरसोयीचं. त्यासाठी जीवनज्योती आहे: वर्षाला 436 रुपये, मिळणार 2 लाख. परवा एक बँकमित्र तिचा फॉर्म घेऊन एका अंगणात बसला होता.

"नॉमिनी कोण?"

"बायको."

"आणि बाईंचा?"

"मीच, जी."

"दिवसभर असता कुठं?"

"संगच. पहाटे पत्त्याले जातो दोघंई."

बँकमित्राचं पेन थांबलं. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एका दिवसात वाघानं तीन बायका मारल्या होत्या. नवरा-बायको एकमेकांचे नॉमिनी आणि दोघंही एकाच झुडपाशी वाकलेले. असल्या जोडप्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

शहरातल्यांनी हसू नये. चंद्रपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या सहा पॉलिसींवर नॉमिनी म्हणून अजून आईच आहे. तिला जाऊन दहा वर्षं झाली, लग्नाला पंधरा. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, हे त्यांना ठाऊक आहे. पण लिहिणं अशुभ! त्यापेक्षा ताडोब्यात जिप्सीचे पैसे भरून एजंटाचं दर्शन घेणं शुभ.

अंगणात शेवटी तोडगा निघाला. नॉमिनी पोरं लिहायची. ती अज्ञान, म्हणून त्यांच्यासाठी एक मोठं माणूस. मोठं माणूस ओट्यावर मोहफुलं निवडत बसलं होतं, वय सत्तरीच्या पुढं.

"मायचाई इमा काढा ना," मुलगा म्हणाला.

"नाही जमत. पन्नासच्या आतच घेतात."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "अन् वाघाच्या पैशाले वयाची अट हाये का जी?"

"नाही, आजी."

"मंग उद्यापासून पत्त्याले मी जातो," ती सुनेला म्हणाली. "तू राय लेकरापाशी."