रसदेविना स्वारी

भारतीय रेल्वेने डिझेल इंजिनाची शक्ती २६०० वरून ३१०० अश्वशक्तीवर नेली, तेव्हा टर्बोबरोबर इंधनपंपही १५ ऐवजी १७ मिलिमीटरचा करावा लागला, हे झाशीच्या डिझेल शेडमधील सामान्य फिटरासही अवगत आहे. परंतु याच शहरातील ज्या धनिकपुत्रांनी मोटारीस सुपरचार्जर जडवून हवेची मनसब वाढविली, त्यांनी पेट्रोलच्या रसदेची तजवीज मात्र जुन्याच पंपाकडे ठेवली. दाब चढेल तसतसा पंपाचा पुरवठा घटतो आणि रोडावलेल्या मिश्रणात पिस्टन वितळतो, ही फिर्याद मग कोणत्या दरबारी गुदरावी? सांप्रत थोरला पंप, जाड तार आणि स्वतंत्र रिले यांवर यथेच्छ द्रव्य वेचून झाल्यावर, ही वाहने इलाइट चौकातून ई-रिक्षांच्या मागोमाग, ताशी आठ किलोमीटरच्या राजगतीने मार्गक्रमण करतात.