परदेशातला गुणाकार: ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन

परदेशी विमानतळावर उतरताच घड्याळ तिथल्या वेळेला लावावे आणि पाढा तिथल्या चलनाला. २०१० साली डॉलरला पंचेचाळीसचा पाढा पुरत असे. २०२५च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. हे पाढे शाळेत घोकून घेतले नव्हते, म्हणून आमच्या काकांसारख्या प्रवाशाची जबाबदारी फार वाढली आहे.

गुणाकार मनातल्या मनात करू नये. झुरिकमध्ये साधी कॉफी पाच-सहा फ्रँकला मिळते आणि फ्रँक केव्हाच शंभरीपार गेला आहे. तेव्हा कप हातात आल्यावर ‘सहाशे रुपये!’ असे टूरमधल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने म्हणावे. मग तेवढ्यात पुण्यात काय काय आले असते, याची यादी सुरू करावी. यादी मिसळीवरून महिन्याच्या दुधाकडे वळली की काकू म्हणतात, ‘‘अहो, गार होतेय. प्या आता.’’ गार झालेली कॉफीही सहाशेचीच असते, हे त्यांच्या लक्षात आलेले असते.

पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नये. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त सार्वजनिक कारंजी आहेत आणि बहुतेकांचे पाणी खुशाल प्यावे. घरून नेलेली स्टीलची बाटली काका तिथे भरून घेतात. यात हसण्यासारखे काहीही नाही.

हसू येते ते पुढे. हॉटेलच्या काउंटरवर कार्डाचे मशीन विचारते, फ्रँकमध्ये देणार की रुपयांत? परमुलखात रुपयाचे चिन्ह पाहून काका विरघळतात आणि रुपयांवर बोट ठेवतात. त्या रुपयांचा दर मशीनवाल्याने आपला नफा धरून ठरवलेला असतो. फ्रँक निवडले तर बँक दोन-साडेतीन टक्के घेते, पण तरीही ते बहुधा स्वस्तच पडते. कॉफीवर अर्धा तास हिशेब करणारा माणूस इथे आकडाही न वाचता पिन दाबतो. आता काय म्हणावे!

विमानतळावर नोटा बदलून घेऊ नयेत. का, ते तिथला दर सांगेल.

रुपया घसरला म्हणजे सगळे जग सारखेच महागले, असेही धरून चालू नये. दुबईचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर न खर्चताही तिथे डॉलरचा चटका बसतो. जपानचे उलटे झाले. २०१२ साली शंभर येनला पासष्टच्या आसपास रुपये पडत, २०२४च्या जुलैत ते बावन्न-त्रेपन्नावर आले. विमानाचे भाडे मात्र वाचत नाही, कारण इंधनाचा भाव आणि बहुतेक विमानांचे भाडेपट्टे डॉलरमध्येच असतात. काकांनी जपान बाद केला तो भाड्यामुळे नव्हे. तिथे खायचे हाल होतात, असे त्यांना कुणीतरी सांगितले.

व्हिएतनाममध्ये गुणाकार चालत नाही. रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, म्हणजे भागाकार आला. चाळीस हजारांची कॉफी प्यायल्यावर काका दोन दिवस गप्प होते.

पुढच्या वर्षासाठी काकूंनी भूतान ठरवले आहे. तिथले न्गुलट्रम रुपयाच्या बरोबरीने चालते आणि आपल्या नोटाही घेतात. मात्र भारतीय पर्यटकाला माणशी, दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. काकांना हे अजून कुणी सांगितलेले नाही.