त्यात काय एवढं!

अंगच्या गुणांवर मजला चढवण्याची प्राथमिक पुस्तिका, फक्त नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य

नववी आणि दहावीची गुणपत्रकं (मूळ प्रत, झेरॉक्स काढायला गेलात तर दुकानदार वाचतो), एक दोनशे पानी वही, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारी आणि तरीही तुमच्याशी बोलणारी एक नातेवाईक, आणि वाटीभर निर्लज्जपणा. निर्लज्जपणा घरात नसेल तर शेजारी मागून पाहा. मागता आला, तर तो तुमच्याकडे होताच असं समजा आणि रिकामी वाटी घेऊन परत या.

पायरी पहिली : जखम उघडा

दोन्ही गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवा. माझ्या नववीच्या गुणपत्रकावर मराठीत ८४ आहेत आणि गणितात ४१. त्या संध्याकाळी आमच्या घरात ८४ बद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ४१ वर मात्र वडील, काका आणि विरजण मागायला आलेल्या शेजारीण काकू असे तिघं दीड तास बोलले. मग गणिताचा क्लास लागला. आठवड्यातून चार दिवस, स्टेशनपलीकडे, पावसाळ्यात छत्रीसह. दहावीत ४१ चे ४६ झाले आणि वाचायला वेळच न उरल्यामुळे मराठीचे ८४ वरून ७९ झाले. बेरीज करून पाहा. आधी १२५, नंतरही १२५. वर्षभराची फी भरून मी जिथल्या तिथे होते आणि घरात पेढे वाटले गेले, कारण 'गणितात सुधारली'.

सरकारला हा हिशेब उशिरा का होईना कळला. २०१० साली राज्याच्या दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं : सहा विषयांतल्या सगळ्यांत चांगल्या पाचांवर टक्केवारी. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि योजना तगली. मी तोवर दहावी पास होऊन, नोकरीला लागून, चष्म्याचा नंबरही बदलून घेतला होता. असो.

अमेरिकेत हेच काम नेब्रास्काच्या डोनाल्ड क्लिफ्टन या मानसशास्त्रज्ञाने केलं. माणसाच्या उणिवा उगाळण्यापेक्षा त्याला मुळात काय चांगलं जमतं ते पाहू, असं त्याचं म्हणणं. गॅलप या कंपनीची त्याच्या नावाची चाचणी आहे. तिच्यात एकूण ३४ गुण, आणि पैसे भरून चाचणी दिली की त्यातले तुमचे पहिले पाच कळतात. पुन्हा पाचच! मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने २००४ साली मोजले तेव्हा माणसात २४ चांगले गुण भरले. आपल्या पत्रिकेत ३६ असतात आणि त्यातले अठरा जुळले की मांडव घालायला हरकत नसते. 'तुझे गुण चांगले माहीत आहेत मला' असं आई म्हणते तेव्हा ती कुठली यादी बघून बोलते, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

पायरी दुसरी : कान द्या

चाचणीचे पैसे वाचवायचे असतील तर एक वाक्य ऐकायला शिका. ते वाक्य म्हणजे 'त्यात काय एवढं'.

हे मला आत्याकडे कळलं. जेवणं झाली होती. पातेल्यात आमटी उरली होती, थोडी, पण किती ते सांगता येऊ नये इतपत. मांडणीवर स्टीलचे एकात एक बसणारे सात डबे. आत्याने पातेल्याकडे एकदा पाहिलं, डब्यांकडे पाहिलंही नाही, हात मागे नेऊन वरून तिसरा उचलला आणि आमटी ओतली. काठाखाली अर्धं बोट जागा राहिली. झाकण लागलं, थेंब सांडला नाही. मग भात, तो पाचव्यात. मग कोशिंबीर, ती सगळ्यांत धाकट्यात. माझ्या घरी हे काम तीन डबे खरकटे केल्याशिवाय होत नाही, आणि शेवटी सगळं पातेल्यासकटच फ्रिजमध्ये जातं.

मी म्हटलं, "आत्या, हे कसं करतेस?"

"काय?"

"हेच. नेमका डबा."

"त्यात काय एवढं? दिसतंच की," आत्या म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

नवशिक्याने इथे थांबायचं. घाम गाळून मिळवलेली गोष्ट माणूस दहा जणांना ऐकवतो. मी स्कूटर शिकले ती हकिकत मी अजून सांगते. जी अंगातच असते ती मात्र त्याला दिसत नाही, आणि दुसऱ्यांना ती का दिसत नाही याचंच त्याला नवल वाटतं. तेव्हा आठवडाभर स्वतःच्या तोंडावर पाळत ठेवा. 'त्यात काय एवढं' बाहेर पडलं की तारीख, वेळ आणि प्रसंग वहीत टिपा. (काही लोक हे वाक्य दुसऱ्याच्या यशाबद्दल वापरतात. तो गुण वेगळा आहे. त्यावर मजला चढवू नये.)

पायरी तिसरी : वही

वहीची युक्ती पीटर ड्रकरची. आपल्याला काय चांगलं जमतं हे आपल्याला ठाऊक आहे असं बहुतेकांना वाटतं आणि बहुतेक वेळा ते चूक असतं, असं व्यवस्थापनशास्त्राच्या या आजोबांनी १९९९ साली एका लेखात लिहिलं. उपाय साधा : काही महत्त्वाचं ठरवताना त्याचं पुढे काय होईल ते लिहून ठेवा आणि नऊ-बारा महिन्यांनी ताडून बघा.

मी जानेवारीत दोन नोंदी केल्या. एक : 'रोज योगासनं. दिवाळीपर्यंत पायाचे अंगठे धरता येतील.' दोन : 'पाणी कमी दाबाने येतं म्हणून सोसायटीच्या वतीने अर्ज दिला. काही होणार नाही.' दिवाळीत वही उघडली. अंगठे होते तिथेच होते, आमची नुसती नजरानजर होत असे. पाणी मात्र जूनपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत होतं.

मग आठवलं, की बिल्डिंगमधला प्रत्येक अर्ज गेली बारा वर्षं माझ्याच हातून गेलाय. जिन्यात कुणीही गाठून म्हणतं, "ताई, जरा चार ओळी लिहून द्या ना." मी चहा गार व्हायच्या आत देते. एका अर्जात एकच मागणी. 'संदर्भ' मध्ये आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक, म्हणजे साहेबाला कळतं की या बाई कागद जपून ठेवतात. रागाची वाक्यं कच्च्या प्रतीत लिहायची आणि तिथेच ठेवायची. दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. ते ८४ कुठे गेले असं मला वाटत होतं, ते पाण्याच्या टाकीत सापडले.

पायरी चौथी : धोक्याची सूचना

गुण उघड झाला की तो तुमचा राहत नाही. सुंदर अक्षरवाल्याला लग्नाची पाकिटं, बारीक नजरवाल्याला मंडळाचा ताळेबंद, आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याला हे सगळंच. हात दाखवून अवलक्षण ते हेच. शिवाय गुणाला ब्रेकही हवा. फुकट मिळाला म्हणून तो दिवसभर चालवायचा नसतो. आमच्या एका परिचितांना छापलेल्या मजकुरातली चूक लांबून दिसते. परवा ते भावाच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना पत्रिकेतले तीन ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगत होते. जेवण वेगळ्या टेबलावर झालं.

पायरी पाचवी : उणिवांचं काय करायचं

बेस्ट ऑफ फाइव्हमध्येसुद्धा सहावा विषय पास व्हावाच लागतो. पस्तीस काढा आणि पुढे चला.

हे पटत नसेल तर क्रिकेटपटू भागवत चंद्रशेखर यांच्याकडे पाहा. लहानपणी पोलिओने उजवा हात बारीक झालेला. क्षेत्ररक्षण करताना चेंडू ते डाव्या हाताने फेकत. पण गोलंदाजी त्याच बारीक हाताने, आणि त्यातून सुटलेला लेगस्पिन भल्याभल्यांना कळेना. ऑगस्ट १९७१, ओव्हल : इंग्लंड सर्वबाद १०१, चंद्रांचे ३८ धावांत ६ बळी. आपल्या अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली ती अशी. आणि फलंदाजी? ५८ कसोटींत बळी २४२, धावा १६७. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात चार भोपळे फोडल्याबद्दल मधोमध भोक पाडलेली बॅट त्यांना भेट मिळाली होती. ते आमच्या घरात जन्मले असते, तर वडिलांनी, काकांनी आणि विरजणवाल्या काकूंनी मिळून ओव्हलच्या आधी त्यांना फलंदाजीचा क्लास लावला असता. आठवड्यातून चार दिवस, स्टेशनपलीकडे.

पायरी शेवटची : प्रात्यक्षिक

पुस्तिकेची चाचणी म्हणून मी आत्याला आमचं घर हलवायला बोलावलं. इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि आम्ही भाड्याच्या घरात निघालो होतो. टेम्पोवाला सामान बघून म्हणाला, दोन खेपा. आत्या दारात उभी राहिली, टेम्पोत एकदा डोकावली, आणि पदर खोचून म्हणाली, "कपाट आधी, पाठ लावून. गाद्या उभ्या. मशीन मागे नको, त्या कोपऱ्यात. शिलाईमशीनच्या पोटात भांड्यांचं खोकं." दीड तासात फळी वर आली आणि कडी लागली. आत कुंडी ठेवायलाही जागा नव्हती. कुंडी आत्याने स्वतःच्या मांडीवर घेतली. टेम्पोवाल्याने तिचा फोन नंबर मागितला.

नव्या घरात खोक्यांवर बसून चहा पिताना मी वही उघडली आणि आत्याला सगळं समजावलं : क्लिफ्टन, ड्रकर, वरून तिसरा डबा. हे तुझं बलस्थान आहे, म्हटलं, यातून तू काय काय करू शकतेस बघ. बासष्टाव्या वर्षी लोक धंदे काढतात.

आत्याने सगळं शांतपणे ऐकलं. बशीतला चहा संपवला.

"ते राहू दे गं," म्हणाली. "मला इंग्रजी बोलायचा क्लास लावायचाय. स्टेशनपलीकडे आहे म्हणे एक, आठवड्यातून चार दिवस. प्रवेशाचा अर्ज तेवढा तू लिहून दे."

दिला. त्यात काय एवढं.