यंदा आमच्याकडे दहावी आहे

पेपर चिरंजीव लिहिणार असले, तरी दहावी अख्ख्या घराला लागते. टीव्हीचा आवाज बसतो, लग्नाच्या आमंत्रणांना 'यंदा दहावी आहे' एवढं उत्तर पुरतं आणि बापाच्या अंगात शिस्त संचारते.

माझी शिस्त एक्सेलमध्ये उतरली. बीजगणित हिरवं, भूमिती निळी, विज्ञानाचे दोन भाग नारिंगीच्या दोन छटांत, इतिहास-राज्यशास्त्राला उरलेला करडा. उठायची वेळ पहाटे पाच. वेळापत्रक करणाऱ्याला पहाट फार आवडते, विशेषतः उठणारा दुसरा असला की. "भारी झालंय, बाबा," असं चिरंजिवांनी मनापासून कौतुक केलं आणि ते आठ वाजता उठले.

मग दप्तर उपसलं. तळाशी होऊन गेलेल्या पालकसभेची सूचना, पेनं नसलेली टोपणं आणि एक डबा. डब्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

पुढची मदत इटलीहून आली. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास सुरू केला: २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी. आमच्याकडे टायमर मोबाइलमध्ये. म्हणजे अभ्यासासाठी मोबाइल हातात देणं आलं. सुट्टी सुरू अगदी वेळेवर व्हायची.

राहिला हायलायटर. पान पिवळं झालं की अभ्यास झाला, असा त्याचा ठाम समज. भिंगांच्या धड्याला तर हळदच लागली होती. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यात ओळी रंगवणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि तोच अभ्यास काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करणं वरच्या. मी हे जेवताना वाचून दाखवलं. ऐकलं फक्त माझ्या आईने.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन बसली. "वृद्धदृष्टिता म्हणजे काय रे?"

"वय झालं की डोळ्याच्या भिंगाची समायोजन शक्ती कमी होते, आजी. जवळचं नीट दिसत नाही."

"म्हातारी म्हणायला धडा कशाला लागतो? माझ्या चष्म्यात काय आहे ते सांग."

उत्तर पिवळ्या पानावर होतं, डोक्यात नव्हतं. मग चष्मा काढून अक्षरांवर धरून झाला. खालच्या भागातून अक्षरं मोठी, वरच्यातून बारीक. द्विनाभीय भिंग: वर अंतर्वक्र, खाली बहिर्वक्र. काही दिवसांनी आजीने तेच पुन्हा विचारलं, तेव्हा तो अडखळला नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची तिची जुनी सवय; आता तिला शास्त्राचा आधार मिळालाय.

एक्सेलची फाइल अजून आहे. रंग सुंदर आहेत. सबमिशनच्या तारखा मात्र तो स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहितो, दुधाच्या खाड्याशेजारी. तिथे घरातल्या प्रत्येकाची नजर रोज जातेच. विज्ञानाचे लेखी गुण ८०, अंतर्गत २०. हे वीस अभ्यासापेक्षा तारखेपायीच जास्त जातात, असं माझं ठाम मत आहे.

जलसुरक्षेची वही तेवढी कालनिर्णयवर चढायची राहिली होती. ती 'उद्या द्यायची आहे' हे आम्हाला रात्री दहाला कळलं. तेव्हा दहावीच्या पालकांनो, दप्तराची चौकशी नऊच्या आत करा. झेरॉक्सवाले साडेनऊला शटर ओढतात.