टँकरवरचा सांता

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ‘दक्षिण गोलार्धात डिसेंबरमध्ये उन्हाळा असतो’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यात जेवढा खडू झिजला, तेवढ्यात आमची माजघराची भिंत सहज पांढरी झाली असती. तरीही २०२४च्या डिसेंबरात मुलाकडे मेलबर्नला निघालो, तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटर, एक मफलर आणि माकडटोपी होती. नाताळ म्हणजे थंडी. फळ्यावरचा भूगोल वेगळा आणि अंगातला वेगळा.

हिचं माहेर मुरबाडचं. मुरबाडला रेल्वे येणार, येणार, हे ऐकत ही मोठी झाली. लग्न होऊन शहापुरात आली, तर शहापूरचं स्टेशन निघालं आसनगावला. तेव्हापासून सरकारच्या शब्दावर आणि नवऱ्याच्या ज्ञानावर हिचा सारखाच विश्वास आहे. “पुस्तकात काय, काहीही छापतात,” असं म्हणून हिने वर दोन शाली कोंबल्या.

विमानतळावर मुलगा न्यायला आला तो अर्ध्या चड्डीत. विमानातल्या गारठ्यामुळे मी माकडटोपी घातलेलीच होती. “बाबा, आधी ती काढा,” हे त्याचं स्वागताचं वाक्य.

उन्हाळा आहे हे एकदा पटल्यावर हिचं डोकं रीतसर उन्हाळ्यासारखं चालू लागलं. उन्हाळा म्हणजे वाळवण. दुसऱ्याच दिवशी तांदळाच्या पापड्यांचा घाट घातला आणि मला विचारलं, “अहो, ऊन कुठल्या अंगाला येतं?” मी खाकरून म्हणालो, “डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे असतो. दक्षिणेच्या भिंतीशी घाल.” पापड्या दुपारभर सावलीत बसून राहिल्या. सूर्य दक्षिणेकडे सरकतो हे खरं, पण सरकून सरकून मकरवृत्तापर्यंत. मेलबर्न त्याच्याही पुष्कळ खाली, जवळजवळ अडतिसाव्या अक्षांशावर. म्हणजे इथे बाराही महिने दुपारचा सूर्य उत्तरेला! वाराही तसाच उफराटा. आपल्याकडे उत्तरेचा वारा हुडहुडी आणतो. इथे तो वाळवंटावरून भाजत येतो आणि दक्षिणेचा आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. हिने पापड्यांचा पाट उचलून उत्तरेला नेला आणि एक अक्षर बोलली नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा कडक शेरा मला कुठल्याच तपासणीत मिळाला नव्हता.

मग आला तो टँकर.

मुलाचं घर शहराच्या अगदी कडेला. रविवारची दुपार. लांबून भोंगा ऐकू आला आणि कोपऱ्यावरून लालभडक, पाण्याच्या टाकीची भलीमोठी गाडी वळली. मागे पोरंबाळं धावतायत, बायका फाटकात उभ्या. आता, शहापूर तालुक्यात तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय, पुढे वैतरणा आली, भातसा आलं. आणि एवढी धरणं पोटात घेऊन आमचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. उन्हाळा, भोंगा, टाकी आणि धावती माणसं, हे चार पुरावे हिला पुरेसे होते. आत जाऊन बादली घेऊन ही रस्त्यावर गेलीसुद्धा. मी मागून दुसरी घेऊन. नंबर गेला तर काय घ्या!

गाडी थांबली आणि टपावरून पांढरी दाढी, लाल डगला आणि गमबूट असा एक घामाघूम गृहस्थ वाकला. स्वयंसेवकांचं अग्निशामक दल नाताळच्या आधी सांताक्लॉजला आपल्या गाडीवरून गल्लोगल्ली फिरवतं आणि पोरांना गोळ्या वाटतं, हे मुलाने आम्हाला नंतर सांगितलं. बादली पुढे केलेली बघून सांताही क्षणभर गांगरला. मग त्याने ओंजळभर गोळ्या हिच्या बादलीत टाकल्या, माझी बादली पाहून आणखी ओंजळभर टाकल्या. पोरांनी आमच्याकडे बघितलं ते फार आदराने. एवढं मोठं भांडं आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून गाणी म्हणायची, ही चाल मेलबर्नचीच. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ-निवेदकाने १९३८ साली ती सुरू केली. आमच्या वस्तीतल्या बागेतही लोक सतरंज्या टाकून बसले होते. थेट हरिनाम सप्ताहाचा मांडव, फक्त अर्ध्या चड्ड्यांत. पंचाईत एकच. सूर्य मावळतो पावणेनऊला. मेणबत्ती हातात धरून सगळा गाव अंधाराची वाट बघत बसलेला, आणि गाणी कसली, तर बर्फाची! शेवटी अंधार पडला तेव्हा मी वर बघितलं, आणि मृग नक्षत्र उलटं. आपल्याकडे व्याध बिचारा हरणाच्या खालच्या अंगाला असतो, इथे तो वरून त्याच्या उरावर बसलेला. ही म्हणाली, “आता मृगाचा पाऊस कसा पडायचा यांच्याकडे?” या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पंचवीस तारखेला बस, ट्राम, आगगाड्या फुकट. हे कळताच हिने आम्हाला सकाळभर फिरवलं. दुपारी शेजारच्या आजीबाईंकडे जेवण. टेबलावर कोळंबी, चेरी आणि चक्क आंबे! मुरबाडच्या झाडांना अजून धड मोहोर नाही आणि इथे नाताळला आंबा. “मग अक्षय्यतृतीयेला काय खातात?” हिने हळूच विचारलं.

आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडातून माणसं बोलावली, मोठ्यांना भाडं दहा पौंड आणि पोरं फुकट. त्यात आठ वर्षांच्या असताना बोटीने आलेल्या. घरातले पंखे गरगरतायत, सुना-नातवंडं टॉवेलने मानेचा घाम पुसतायत, आणि आजीबाईंनी तासन् तास उकडलेलं वाफाळतं पुडिंग आणून मधोमध ठेवलं. फडक्यात बांधून महिनाभर टांगलेलं, आपल्या चक्क्यासारखं. त्यावर ब्रँडी ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत भपकन वर. बाहेर वणव्याच्या भीतीने अंगणात काटकी पेटवायची चोरी, आणि इथे जेवणच पेटवलेलं!

मी न राहवून विचारलं, एवढ्या उन्हाचं हे कशाला? मुलाने भाषांतर केलं. आजीबाईंनी खांदे उडवले. आई करायची, म्हणाल्या.

“बरोबरच आहे,” भाषांतराची वाट न बघता ही म्हणाली आणि ताट पुढे केलं. खरं तर त्या पुडिंगला लागणारी थंडी त्या वेळी आमच्याकडे, डोळखांबच्या खळ्यावर होती. भात झोडून झालेलं, शेकोटीभोवती माणसं बसलेली. बर्फ तेवढा कमी.

दुसऱ्या दिवशी पारा चाळिशीला टेकला आणि आम्ही कसोटी सामना बघायला मैदानात. तो सामना पाच दिवसांत पावणेचार लाखांच्या आसपास माणसांनी पाहिला. आपण १८४ धावांनी हरलो, पण त्यात उन्हाचा काही दोष नव्हता.

१४ जानेवारीला संक्रांत. काळा रंग ऊब धरतो म्हणून थंडीत काळं नेसायचं, हे मी विज्ञानाच्या बाईंच्या रजेत स्वतः शिकवलेलं. ही भर उन्हात काळी चंद्रकळा नेसून, पातेल्यात उष्ण तीळ आणि उष्ण गूळ एकत्र करून लाडू वळायला बसली. गूळ घट्ट होईना. लाडू ताटात हळूहळू पसरून वड्या झाले. त्या वड्या घेऊन ही आजीबाईंच्या दारात गेली. आजीबाईंनी काळ्या साडीकडे बघितलं, घामाकडे बघितलं, वडी तोंडात टाकली. का म्हणून विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिकडे हिच्या माहेराकडे, म्हस्याला खांबलिंगेश्वराची यात्रा भरलेली. पौष पौर्णिमेची. बैल, नांगर, घोंगड्या, सगळा बाजार. तिथून हिच्या भावाचा फोन आला. त्याच्याकडे संध्याकाळचे सात, आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. उकाड्याने कुणालाच झोप नव्हती. ही मानेवर ओलं फडकं ठेवून पंख्याखाली बसलेली.

“ताई, थंडी काय पडलीय म्हणून सांगू!” तो ओरडत होता. मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. “घोंगड्या एक नंबर आल्यात. तुला घेऊ का एक?”

“दोन घे,” ही म्हणाली. “एक शेजारच्या आजींना होईल.”