बारा हजार नंबरी

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनरस्त्यावर दाढीला बसलं, की कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध कडकन मोडतो, अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी आरशाखाली ठेवतो. या वस्तऱ्याला धार लावायची भानगडच नाही. दाढी झाली, की धार कचऱ्याच्या डब्यात. एड्सविषयीच्या प्रचारात ‘सलूनमध्ये नवं ब्लेड मागा’ असं गावोगाव सांगितलं गेलं आणि एकाच पात्यानं पंचक्रोशीच्या हनुवट्या उरकणारा जुना वस्तरा धोकटीसकट माळ्यावर गेला. त्याच्यासाठी कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. ज्यांना तो रोज पाजळावा लागे, ते तर नाहीच नाही.

रडायला आता वेगळीच मंडळी पुढं आली आहेत.

हा हौशी गृहस्थ ओळखायला सोपा. निवृत्ती जवळ आलेली किंवा नुकतीच झालेली, मुलं पुण्याला नोकरीत, रक्तातली साखर काठावर. एका संध्याकाळी मोबाइलवर त्याला झोलिंगेनचा, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावचा, वस्तरा दिसतो. आयुष्यभराचा ब्लेडचा खर्च वाचेल, हा पहिला विचार. मग तो खर्च वाचवण्यासाठी दगड येऊ लागतात. १,००० नंबरचा धार बसवायला, ४,००० आणि ८,००० चे तिचे ओरखडे काढायला, १२,००० चा त्या ओरखड्यांचेही ओरखडे काढायला. दगड घासून घासून मध्ये खोलगट होतात, म्हणून त्यांना सपाट करायला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी. घरात हिशेब विचारला गेला, तर फक्त पहिल्या दगडाची किंमत सांगण्यात येते.

विद्या मात्र खरी आहे. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती शोभेसाठी नाही. पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकवली, की साधारण १६-१७ अंशांचा कोन आपोआप साधतो. कोन मोजायचा नाही, फक्त पाठ उचलू द्यायची नाही. धार पुढं ठेवून तिरकं ढकलायचं, टोकाशी पोचल्यावर पाठीवरून पातं पालथं करायचं, परत यायचं. आणि दाब? दाब द्यायचाच नाही. तीस-पस्तीस वर्षं कचेरीत हाताखालच्यांवर दाब देऊन कामं उरकलेल्या माणसाला इथंच घाम फुटतो.

दगड झाला, की चामड्याचा पट्टा. इथं सगळं उलट. दगडावर धार पुढं होती, पट्ट्यावर पाठ पुढं. शिरूरच्या गृहस्थाला हे ध्यानात येईपर्यंत पट्ट्याचे दोन तुकडे झालेले असतात. दौंडकराला चटकन उमगतं, कारण पुण्याहून नगरकडे निघालेली गाडी दौंडला आली, की इंजिन सोडून मागच्या टोकाला लावायचं आणि उलट्या तोंडानं निघायचं, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं असतं. (दौंड स्टेशन टाळून थेट नगरकडे वळणारी कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांची ही कसरत वाचली. पट्ट्याला मात्र अजून कॉर्ड लाइन निघालेली नाही.)

मधल्या काळात दगडांबद्दलचं वाचनही वाढतं. बेल्जियमच्या आर्देनमध्ये एक पिवळसर दगड निघतो. त्यातल्या गार्नेटच्या बारीक कणांमुळं वस्तऱ्याला मऊ धार येते. मग आपल्याकडं का नाही? शिरूरहून टाकळी हाजी फार लांब नाही. तिथं कुकडीच्या पात्रात पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून कातळाला रांजणखळगे पडलेत. दगडानं दगड घासण्याचं एवढं मोठं प्रदर्शन बघून गृहस्थ हरखतो. पण तो कातळ लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट. त्याचा पाटा-वरवंटा उत्तम होतो. चटणी वाटावी, वस्तरा लावू नये.

धार लागली का, याची कसोटी केसावर. धुतलेला लांब केस हवेत धरून पात्यावर सोडायचा. आपोआप तुटला तर जमलं. अडचण एवढीच, की या वयात गृहस्थाच्या डोक्यावर कसोटीपुरतेही केस नसतात. घरात मागायची सोय नसते. उरतो नेहमीचा सलूनवाला, ज्याच्या जमिनीवर कच्चा माल पडूनच असतो.

म्हातारा सलूनवाला वस्तरा हातात घेतो, अंगठ्याचं बोट धारेवरून आडवं, हलकेच फिरवतो आणि केस न मागताच निकाल देतो. “टोकाकडं बसली न्हाई अजून.” मग वस्तरा मिटून परत देतो. “सायेब, आमचा बाप कुरुंदाचा दगड घेऊन पहाटं बसायचा. वर्साला बलुत्याचं धान्य मिळायचं, त्यात दगडाची मजुरी येगळी न्हवती. यातनं सुटायला आमाला दोन पिढ्या लागल्या. तुमी पैसं भरून आत शिरला?”

जगालाही यातून सुटायची घाईच होती. जिलेटनं १९०३ साली टाकाऊ पात्यांचा रेझर विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप नव्वद हजारांवर गेला. एवढ्या लोकांना सकाळी दगड घासायचा कंटाळा होता. गृहस्थाला मात्र त्याच कंटाळ्यात ध्यानधारणा सापडते. अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला दाढीचा केसही धारेचे टवके काढू शकतो. म्हणजे दगड पुन्हा लागणारच! ही बातमी तो आनंदानं चहाबरोबर सगळ्यांना वाचून दाखवतो. गालावर तुरटी फिरवत.

हळूहळू गल्लीत नाव होतं. शेजारच्या वहिनी विळी घेऊन येतात, कुणी अडकित्ता, कुणी शिंप्याची कात्री. गृहस्थ समजावून सांगतो, की १२,००० नंबरच्या दगडावर विळी लावणं हा दगडाचा अपमान आहे. वहिनी मान डोलावतात आणि दारावरनं चाललेल्या धारवाल्याला हाक मारतात. तो सायकल स्टँडवर लावतो, पायडल मारून चाक फिरवतो, ठिणग्या उडतात. विळी, अडकित्ता, कात्री दहा मिनिटांत उरकतात. धारवाला पैसे मोजून घेतो आणि ओट्यावर दगड भिजत घालून बसलेल्या गृहस्थाला विचारतो, “तुमची काय सुरी-बिरी हाय का, काका?”