भिंतीवरचे दोन हजार

आमच्या अन् शेजारच्या मावशींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी मातीची भिंत आहे. भिंत त्यांची, गप्पा दोघींच्या. काल तिच्यावर कोपरं टेकून मावशी म्हणाल्या, "वाजला का गं मेसेज?"

पीएम किसानचा हप्ता आमच्याकडं खात्यात येत नाही, मोबाईलात वाजतो.

"नाही हो अजून."

"कोरोनात कसा झटक्यात वाजला व्हता!"

खरंय. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली अन् एप्रिलात दोन हजार जमा. वेगळी मदत नव्हतीच ती, वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता लवकर सोडलेला. हे सांगितलं की मावशी म्हणतात, "असंना का. नडीला आला ना?"

बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचपाचशेही आले. पहिल्या महिन्यात खाते नंबराचा शेवटचा आकडा 0 किंवा 1 असेल तर 3 एप्रिलला काढायचे, 8 किंवा 9 असेल तर 9 तारखेला. मावशींचा आठ. पण कुणीतरी उठवलं, काढले नाहीत तर सरकार माघारी घेतंय! मावशी तीन तारखेलाच पदर तोंडाला बांधून बँकेच्या दारात. चुन्याच्या गोलात चप्पल ठेवली अन् स्वतः लिंबाखाली बसल्या. दोन तासांनी चपलेचा नंबर आला, आकड्याचा नाही. हाकललं.

"वरच्या आळीच्या मास्तरांचं कळलं का?" मावशी पुढं झुकल्या. "सातबाऱ्यावर नाव म्हणून त्यांनीबी उचलले व्हते. इन्कम टॅक्सवाल्याला चालत न्हाईत म्हणं. नोटीस आली तसं गुपचूप भरून आले. बायकोलासुदिक सांगितलं न्हाई."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बायकोनंच की."

मास्तरांचे गेले, त्यांच्या शेजारच्या धाकट्याला मिळालेच नाहीत. थोरल्यानं वाटणी दिली, फेर पडला 2019 च्या उन्हाळ्यात. योजनेला 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन नावावर पाहिजे. चार महिन्यांनी चुकलं. नांगर मात्र तोच धरत होता आधीपासून.

मग मावशींचा आवाज खाली आला. लेक-जावई टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीला, कारखान्यावरच्या कोपीत अडकलेले. 17 एप्रिलला सरकारनं ऊसतोडवाल्यांना गावी जायची परवानगी दिली, तेव्हा बैलांसकट आले. चौदा दिवस गावाबाहेर. मावशी भाकरी दगडावर ठेवून मागं सरायच्या, मग लेक उचलायची. जावयाच्या नावावर ढेकूळही नाही, त्यामुळं हप्ता नाही. उचल मात्र अजून फिटायची होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या फडात कोयता चालवणारा कागदावर शेतकरी नाही अन् मास्तर काही दिवस का होईना, शेतकरी! ज्यानं कुणी हे ठरवलं, त्यानं सातबारा पाहिला, रान नाही पाहिलं.

"मग तिला काहीच नाही?"

मावशींनी मागं वळून दार बघितलं. "आमच्या म्हाताऱ्याच्या दोन हजारांतले हजार दिले. भाकरीच्या फडक्यात बांधून. सुनेला बोलू नको हं."

सून मासिक वाचत नाही, म्हणून इथं लिहिलं. तुम्ही कधी आमच्या आळीत आलात, तर तुम्हीही बोलू नका.